बंद पडलेल्या ब्रिटिश कार कंपन्यांचे कागद वाचवायचे कसे: गॅरेजमधल्या खोक्यापासून अर्काइव्हपर्यंत

ब्रिटनमधली कार कंपनी बंद पडली तरी तिच्या गाड्या सहसा वाचतात, कारण गाडीला गिऱ्हाईक असतं, क्लब असतो, शनिवार-रविवार हात काळे करून घेणारी हौशी मंडळी असतात. कागदाला मात्र वाली नसतो. कारखान्याला कुलूप लागतं, जागा बिल्डरकडे जाते, आणि डिस्पॅचचे लेजर, ड्रॉइंग, टेस्ट रिपोर्ट, बोर्डाच्या मीटिंगची मिनिट्स हे सगळं एक तर स्किपमध्ये, म्हणजे कचऱ्याच्या मोठ्या लोखंडी पेटीत, जातं नाहीतर निवृत्त होणाऱ्या एखाद्या ड्राफ्ट्समनच्या गाडीच्या डिकीतून त्याच्या घरी जातं. आज जे काही शिल्लक आहे त्यातलं बरंचसं अशा डिकीतूनच वाचलंय असं माझं स्पष्ट मत आहे. आता ती पिढी ऐंशी-नव्वदीत आहे, घरं रिकामी होतायत, मुलांना त्या खोक्यांचं काय करायचं कळत नाही. कॉव्हेंट्री-बर्मिंगहॅमकडे नोकरीनिमित्त आलेल्या मराठी मंडळींपैकी कोणाच्या शेजारच्या आजोबांकडे असं घबाड निघालं, किंवा तुम्ही एखाद्या कार क्लबात असाल आणि "हे तूच बघ रे" म्हणून काम गळ्यात पडलं, तर कामाला यावं म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी कुळाचा पत्ता लावा

खोकं उघडण्याआधी ती कंपनी कोणी गिळली आणि त्या गिळणाऱ्याला पुढे कोणी गिळलं हे एका कागदावर लिहून काढा, कारण कागद बहुतेक वेळा मालकाच्या मागे मागे गेलेले असतात. उदाहरणार्थ वुल्सली १९२७ मध्ये मॉरिसकडे गेली, रायली १९३८ मध्ये, मग १९५२ मध्ये ऑस्टिन आणि मॉरिस एकत्र येऊन बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झाली, तिकडे लेलँडने १९६१ मध्ये स्टँडर्ड-ट्रायम्फ घेतली, १९६७ मध्ये रोव्हर घेतली, आणि १९६८ मध्ये या सगळ्यांची मिळून ब्रिटिश लेलँड झाली. म्हणजे १९३५ च्या रायलीचा कागद शोधताना तुम्हाला थेट ब्रिटिश लेलँडच्या वारसांपर्यंत यावं लागतं. दुसरं मोठं घराणं रूट्सचं: हिलमन, हंबर, सनबीम, सिंगर. १९६७ मध्ये त्याचा ताबा क्रायस्लरकडे गेला, १९७८ मध्ये ते प्यूजोकडे गेलं. अल्विसचं आणखी वेगळं, १९६५ मध्ये रोव्हरने घेतली आणि १९६७ मध्ये कार बनवणं थांबलं, पण कागद रोव्हरकडे न जाता कंपनीचे स्पेअर, रेकॉर्ड आणि ड्रॉइंग १९६८ मध्ये केनिलवर्थच्या रेड ट्रँगलने उचलले. त्यामुळेच आजही मूळ ड्रॉइंगवरून अल्विसचे पार्ट बनतात. कागद वाचला की काय होतं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आणि जे नाहीच ते कुठे गेलं हेही कळलं पाहिजे. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कॉव्हेंट्रीवर जो बॉम्बहल्ला झाला त्यात कारखान्यांसोबत ऑफिसंही जळाली. त्यामुळे युद्धापूर्वीच्या कॉव्हेंट्रीच्या कंपनीचं लेजर सापडत नसेल तर वर्षभर दारोदार फिरण्याआधी त्या कंपनीची कुठली इमारत त्या रात्री गेली ते तपासा.

मग कुठे काय आहे ते बघा

हे काम घरबसल्या होतं आणि कंटाळवाणं आहे, पण केल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर जे आधीच जपलंय तेच परत जपत बसाल. लंडनमधल्या क्यू या भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जचा डिस्कव्हरी नावाचा ऑनलाइन कॅटलॉग आहे, त्यात इंग्लंडभरच्या काउंटी अर्काइव्हमधल्या नोंदीही सापडतात. तिथेच बीटी ३१ नावाची मालिका आहे, विसर्जित झालेल्या कंपन्यांच्या फायली, त्यात डायरेक्टर कोण, शेअर कोणाकडे किती हे मिळतं. नंतरच्या काळातल्या फायली निवडकच ठेवल्यात, तेव्हा नाही मिळाली तर नवल नाही. दिवाळखोरीच्या जाहिराती लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात छापून यायच्या आणि गॅझेट ऑनलाइन शोधता येतं. तिथून लिक्विडेटरचं, म्हणजे बुडालेली कंपनी गुंडाळणाऱ्याचं, नाव मिळालं की पुढचा धागा हातात येतो.

ब्रिटिश लेलँडच्या घराण्यासाठी वॉरिकशायरमधलं गेडन गाठा. तिथे ब्रिटिश मोटर म्युझियम आहे आणि तिथल्या अर्काइव्हमध्ये ऑस्टिन, मॉरिस, एमजी, ट्रायम्फ, रोव्हर वगैरेंची प्रॉडक्शन रेकॉर्ड आहेत. त्यावरून ते गाडीमालकाला हेरिटेज सर्टिफिकेट देतात, म्हणजे गाडी कधी बनली, रंग कोणता, कुठे पाठवली. जॅग्वार आणि डेमलरचा ट्रस्ट वेगळा आहे. कॉव्हेंट्रीत वॉरिक युनिव्हर्सिटीत मॉडर्न रेकॉर्ड्स सेंटर आहे, तिथे युनियनचे आणि मालकांच्या फेडरेशनचे कागद आहेत, संपाबद्दल काही शोधायचं असेल तर कंपनीपेक्षा तिथे जास्त मिळतं. रूट्ससाठी बॅनबरीजवळ रॉक्स्टनला रूट्स अर्काइव्ह सेंटर आहे, तेही हौशी मंडळींनी उभं केलंय. ब्यूलीचं नॅशनल मोटर म्युझियम फोटो आणि ब्रोशरसाठी.

एक जागा लोक हमखास विसरतात. १९०४ पासून ब्रिटनमध्ये गाडीची नोंदणी सक्तीची झाली आणि ते रजिस्टर प्रत्येक काउंटी कौन्सिलकडे असायचे. १९७० च्या दशकात सगळं स्वान्सीच्या केंद्रीय ऑफिसात एकत्र केलं तेव्हा कित्येक कौन्सिलांनी जुनी रजिस्टरं रद्दीत काढली. जी वाचली त्यातली बरीच ड्रॉइटविचच्या किटहेड ट्रस्टकडे गेली, काही काउंटी अर्काइव्हमध्ये आहेत. कारखान्याचं लेजर जळालं असेल तर या रजिस्टरवरून चॅसिस नंबर उलटे गोळा करता येतात. चिकाटीचं काम आहे पण होतं.

खोक्यापाशी पहिला दिवस: काहीही लावू नका

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. माणसाला पसारा दिसला की हात शिवशिवतात, मग ब्रोशर एकीकडे, फोटो एकीकडे, पत्रं तारखेनुसार अशी मांडामांड सुरू होते आणि संध्याकाळपर्यंत सगळं दिसायला छान आणि निम्मी माहिती कायमची गेलेली. समजा एका फोल्डरमध्ये मागच्या ॲक्सलचं एक ड्रॉइंग आहे, त्याला पिनने लावलेली एक चिठ्ठी आहे, त्यावर फक्त "वरच्याप्रमाणे, पण तिसऱ्या गाडीनंतर" असं पेन्सिलीने लिहिलंय, आणि मागे एक टेस्ट रिपोर्ट. ती चिठ्ठी त्या दोन कागदांच्या मधे आहे तोवर सोन्याची. काढून "किरकोळ टिपणं" नावाच्या फोल्डरमध्ये टाकली की तिचा अर्थ लावणं कोणाच्या बापाला जमणार नाही. अर्काइव्हवाले मूळ क्रम मूळ क्रम म्हणून डोकं खातात ते यासाठीच.

तर पहिल्या दिवशी फोनने फोटो काढा. खोलीचा, कपाटाचा, मग प्रत्येक खोक्याचा बाहेरून आणि झाकण उघडल्यावर वरून. खोक्यावर जे काही खरडलं असेल, "एक्सपेरिमेंटल डिपार्टमेंट, जुनं, टाकू नये" वगैरे, त्याचा जवळून फोटो. प्रत्येक खोक्याला एक नंबर द्या, मऊ पेन्सिलीने कागदाच्या पट्टीवर लिहून आत ठेवा. चिकटपट्टी नको, पोस्ट-इट तर नकोच नको, त्याचा गोंद मागे राहतो. आणि ज्यांच्याकडून घेताय त्यांच्याशी बोला, हे कुठून आलं, कारखान्याच्या कुठल्या ऑफिसातून, कोणत्या साली, आधी आणखी होतं का आणि ते कुठे गेलं. हे बोलणं त्यांच्या परवानगीने रेकॉर्ड करा. वारसांना स्वतःला माहीत नसेल तर आजोबा नक्की कुठल्या खात्यात होते एवढं तरी विचारा.

वास घ्या, खरंच सांगतोय. कुबट वास आला, पांढरा-हिरवा थर दिसला तर बुरशी आहे, ती खोकी वेगळी काढा, प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून बाकीच्यांपासून लांब ठेवा आणि मास्क-ग्लोव्हजशिवाय हात लावू नका. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ॲसिटेटची फिल्म सडायला लागलीय, तिचा आंबटपणा शेजारच्या चांगल्या फिल्मलाही लागतो, तीही वेगळी. आणि १९५० च्या आधीची ३५ एमएम फिल्म किंवा निगेटिव्ह असेल तर ती नायट्रेट असू शकते, ती भयंकर पेट घेते, घरात ठेवायची नाही, थेट अर्काइव्हला फोन करायचा. १६ एमएम असेल तर निदान नायट्रेटची भीती नाही, ती फिल्म सुरुवातीपासूनच सेफ्टी फिल्म होती.

कागद ओले असतील तर तुमच्याकडे साधारण दोन दिवस आहेत, त्यानंतर बुरशी धरते. थोडे असतील तर पंख्याच्या वाऱ्यावर, ऊन न दाखवता, सुट्टे करून वाळवा. जास्त असतील तर पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये टाका, गोठवलेला कागद महिनोन्‌महिने तसाच थांबतो आणि मग तज्ज्ञाला विचारायला सवड मिळते. चकचकीत आर्ट पेपरचे ब्रोशर आधी उचला, ते वाळताना एकमेकांना चिकटले की सुटत नाहीत.

काय ठेवायचं, काय सोडायचं

इथे माझं मत क्लबवाल्यांना पटत नाही. लोक ब्रोशरवर जीव टाकतात, रंगीत असतात, ईबेवर पैसे येतात. पण ब्रोशर हजारोंनी छापलेलं असतं आणि त्याची प्रत कुठे ना कुठे असतेच. एक्सपेरिमेंटल खात्यातला कार्बन कॉपीवरचा दोन पानी मेमो, ज्यात गिअरबॉक्स का फुटतोय यावर दोन इंजिनियर भांडतायत, त्याची जगात तीच एक प्रत. म्हणून जागा कमी असेल तर आधी हाताने लिहिलेलं आणि टाइप केलेलं वाचवा: डिस्पॅच आणि चॅसिस लेजर, बिल्ड कार्ड, ड्रॉइंग आणि मुख्य म्हणजे ड्रॉइंगचं रजिस्टर, इंजिनियरिंग बदलांच्या नोटिसा, टेस्ट रिपोर्ट, मिनिट्स, डीलरांशी पत्रव्यवहार, सप्लायरची कोटेशनं, सर्व्हिस बुलेटिन. मग फोटो. मग कारखान्याची अंतर्गत मासिकं, त्यात क्रिकेट टीम आणि निरोप समारंभ असतात, लोकांना ते क्षुल्लक वाटतं पण माणसांची नावं आणि खाती तिथेच मिळतात. छापील साहित्याच्या दोन प्रती ठेवा, बाकीच्या क्लबात वाटा किंवा विका आणि त्या पैशातून चांगली खोकी आणा.

कागदाकागदात फरक आहे

जुनी ड्रॉइंग हे एकच प्रकरण नसतं आणि सगळ्यांना एकाच फोल्डरमध्ये कोंबणं ही नेहमीची गफलत. ट्रेसिंग लिनन म्हणजे स्टार्च लावलेलं तलम कापड, त्यावर शाईने काढलेलं ड्रॉइंग, स्पर्शाला गुळगुळीत, जरा निळसर. ते कमालीचं टिकाऊ आहे, फक्त पाणी लागू द्यायचं नाही, एक थेंब पडला की स्टार्च विरघळून डाग पडतो. युद्धाच्या टंचाईत इकडच्या बायका हे लिनन उकळून स्टार्च काढायच्या आणि त्याचे रुमाल शिवायच्या, म्हणजे एखाद्या गाडीची चॅसिस कोणाच्या तरी नाकाला पुसून संपली असणार.

ब्लूप्रिंट, म्हणजे गडद निळ्यावर पांढऱ्या रेषा, तिला उजेड आणि अल्कली दोन्ही सोसत नाही. आता गंमत अशी की अर्काइव्हसाठी मिळणारे महागडे फोल्डर बहुतेक अल्कलाइन असतात, बाकी कागदाला ते उत्तम, ब्लूप्रिंटला नाही. तिच्यासाठी अनबफर्ड, म्हणजे अल्कली न मिसळलेले, म्हणून मागा. डायलाइन प्रिंट, म्हणजे पांढरट कागदावर जांभळट किंवा तपकिरी रेषा, ती सगळ्यात नाठाळ. ती स्वतः फिकी पडते आणि तिच्यातून निघणारी रसायनं शेजारच्या कागदालाही खराब करतात, म्हणून तिला वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि स्कॅनिंगच्या यादीत पहिला नंबर तिचा लावा. साधा ट्रेसिंग पेपर वयाबरोबर कडकडीत होतो, गुंडाळलेला असेल तर जबरदस्तीने उलगडू नका, चर्र करून फाटतो. दमट खोलीत नुसता एक-दोन दिवस ठेवला तरी पुष्कळदा नरम येतो. तिथेही जमलं नाही तर राहू द्या, कॉन्झर्व्हेटरकडे, म्हणजे जुने कागद दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाकडे द्या.

ड्रॉइंग सपाट ठेवायला प्लॅन चेस्ट, म्हणजे रुंद सपाट खणांचं कपाट, मिळाला तर उत्तम, बंद पडलेल्या आर्किटेक्टच्या ऑफिसातून स्वस्तात मिळतात. नाहीच तर दहा सेंटिमीटर किंवा जास्त व्यासाच्या नळीवर बाहेरून गुंडाळा, नळीच्या आत कोंबायचं नाही. काचेच्या प्लेट निगेटिव्ह उभ्या ठेवायच्या, लांब कडेवर, एकावर एक थप्पी लावली की खालच्या फुटतात.

पिना, रबर बँड, प्लॅस्टिकचे पारदर्शक फोल्डर काढा. गंजलेली स्टेपल उपटायची नाही, मागून पाय सरळ करून हळूच ओढायची, आणि जे कागद एकत्र टाचलेले होते ते एकाच दुमडलेल्या कागदात ठेवायचे म्हणजे नातं तुटत नाही. सेलोटेप सोडवायच्या भानगडीत पडू नका. कागद हाताळताना पांढरे सुती ग्लोव्हज घालून फोटो काढायची फॅशन आहे, त्याने बोटांना अंदाज येत नाही आणि कडा फाटतात, स्वच्छ कोरडे हात बरे. फोटो आणि निगेटिव्हला मात्र नायट्राइल ग्लोव्हज घाला.

आणि जागा. माळा उन्हाळ्यात तापतो, गॅरेज हिवाळ्यात पाझरतं, तळघर कधी बुडेल सांगता येत नाही. घरातली आतल्या भिंतीची, रेडिएटरपासून लांबची, मधल्या मजल्यावरची खोली घ्या. तापमान वीसच्या खाली आणि आर्द्रता ३५ ते ६० टक्क्यांत राहिली की पुरे, आणि दोन्हीत चढउतार कमी हवेत. दहा-पंधरा पाउंडांचा मीटर आणून ठेवा. खोकी जमिनीवर नकोत, निदान दहा-पंधरा सेंटिमीटर वर.

यादी करा, पण कॅटलॉगच्या नादी लागू नका

पहिली फेरी खोक्याच्या पातळीवर. एक्सेलमध्ये खोका नंबर, कुठून आला, साधारण काय आहे, साधारण कोणती वर्षं, अवस्था कशी. बस. दुसऱ्या फेरीत फोल्डर. एकेका कागदाची नोंद शेवटी, आणि तीही फक्त लेजर, ड्रॉइंग, फोटो यांचीच. मी असे उत्साही लोक पाहिलेत जे पहिल्या खोक्यातल्या प्रत्येक पत्राचा सारांश लिहीत बसले आणि बाकीची खोकी तशीच राहिली. त्यापेक्षा सगळ्याची जाडीभरडी यादी असणं केव्हाही परवडलं, कारण उद्या तुम्हाला काही झालं तर निदान दुसऱ्याला कळेल की काय आहे.

नंबर साधे ठेवा. कंपनीचं लघुरूप, खोका, फोल्डर, कागद. नंबरात वर्ष किंवा विषय घुसवू नका, पुढे वर्ष चुकीचं निघालं की नंबर बदलावा लागतो आणि मग सगळा गोंधळ.

लेजर उतरवताना

चॅसिस लेजर ही या सगळ्यातली सगळ्यात किमती वस्तू, शब्दशः. आज खोट्या गाड्यांचा बाजार मोठा आहे, साध्या मॉडेलवर भारी मॉडेलची पाटी ठोकून विकतात, आणि ते पकडायला मूळ लेजरसारखा पुरावा नाही. म्हणूनच ते उतरवताना एक नियम पाळा: जसं लिहिलंय तसं. कारकुनाने रंगाचं लघुरूप लिहिलं असेल तर लघुरूपच टाइप करा, खोडलेलं असेल तर खोडलंय अशी नोंद करा, आणि तुमचा अर्थ वेगळ्या कॉलममध्ये लिहा. अर्थ उद्या बदलू शकतो.

एमजीच्या एमजीबी या स्पोर्ट्स कारचं बघा. सुरुवातीच्या गाड्यांचा चॅसिस नंबर जीएचएन३ ने सुरू होतो. जी म्हणजे एमजी, एच म्हणजे १४०० ते १९९९ सीसीमधलं इंजिन, एन म्हणजे टू-सीटर, ३ म्हणजे मालिका, आणि पुढे एल असेल तर डाव्या हाताचं स्टीअरिंग, म्हणजे गाडी बहुधा अमेरिकेला किंवा युरोपात गेली. आता कोणी "नीटनेटकं" करायला म्हणून हे नुसतं एमजीबी असं टाइप केलं तर निम्मी गोष्ट गेली. म्हणून अशा संकेतांची किल्ली, जी बहुतेक वेळा एखाद्या फोरमनच्या वहीच्या शेवटच्या पानावर असते, ती लेजरइतकीच जपा.

शक्य असेल तर दोघांनी स्वतंत्रपणे टाइप करा आणि दोन्ही फाइल ताडून बघा. १ आणि ७, ३ आणि ८ इथेच घोळ होतो. कारखान्यांतल्या जुन्या हस्ताक्षरात तर विचारूच नका.

स्कॅनिंग

स्कॅन म्हणजे जपणूक असं समजून मूळ कागद टाकून देऊ नका, हे आधी सांगतो. एका क्लबाने हे केलेलं मला माहीत आहे, स्कॅन कमी रिझोल्यूशनचे निघाले, मापांचे आकडे वाचता येईनात, आणि मूळ ड्रॉइंग तोवर रिसायकलिंगमध्ये.

ड्रॉइंग आणि कागद ३०० ते ४०० पीपीआय (एका इंचात इतके पिक्सेल), फोटो ६००, छोट्या निगेटिव्ह त्याहून बरंच जास्त. मूळ फाइल टिफ, लोकांना द्यायला जेपेग किंवा पीडीएफ. ब्लॅक अँड व्हाइट मोडमध्ये स्कॅन करू नका, पेन्सिलीच्या दुरुस्त्या आणि लाल शाईच्या खुणा नाहीशा होतात, रंगीतच करा. बांधीव लेजर फ्लॅटबेडवर पालथं दाबू नका, पाठ मोडते, वरून स्टँडला लावलेल्या कॅमेऱ्याने फोटो घ्या, दोन्ही बाजूंना एकसारखा उजेड, कडेला एक पट्टी ठेवा म्हणजे माप कळतं. कोरी पानंही घ्या, नाहीतर पुढे कोणीतरी विचारतं की सत्तेचाळीस नंतर एकोणपन्नास कसं.

फाइलच्या नावात तोच अर्काइव्हचा नंबर. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक वेगळ्या शहरात. प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा, काढून ठेवा, म्हणजे पाच वर्षांनी फाइल सडली की नाही हे कळतं, फुकट सॉफ्टवेअर मिळतात. सेक्रेटरीच्या वैयक्तिक गूगल ड्राइव्हवर सगळं ठेवणं हे जपणं नव्हे, सेक्रेटरी बदलला की पासवर्ड शोधत फिरायची वेळ येते.

मालक कोण हा वांधा

इथे तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात: ब्रँडचं नाव, कागद ही वस्तू, आणि कागदावरच्या मजकुराचा कॉपीराइट. रोव्हरचंच घ्या. २००० मध्ये तेव्हाच्या मालक बीएमडब्ल्यूने कंपनी सोडली तेव्हा रोव्हर हे नाव स्वतःकडे ठेवलं, २००६ मध्ये ते फोर्डने घेतलं, आणि २००८ मध्ये जॅग्वार लँड रोव्हरसोबत ते टाटांकडे आलं, डेमलर आणि लँचेस्टर ही नावंही त्याच सौद्यात. लाँगब्रिजची एमजी रोव्हर एप्रिल २००५ मध्ये बुडाली आणि तिची एमजीसकट मालमत्ता चीनच्या नानजिंगकडे गेली. म्हणजे नावाची मालकी मुंबईच्या कंपनीकडे, कारखान्याची यंत्रं चीनमध्ये, आणि जुनी रेकॉर्ड वॉरिकशायरमध्ये. तेव्हा "ब्रँड आमच्याकडे आहे" असं कोणी म्हटलं म्हणून ड्रॉइंग त्यांची होत नाहीत, आणि ड्रॉइंग तुमच्या कपाटात आहेत म्हणून ती छापायचा हक्क तुमचा होत नाही.

कंपनी विसर्जित झाली आणि काही मालमत्ता वाटायची राहिली तर ती इंग्लंडच्या कायद्याने राजसत्तेकडे जाते, तिला बोना व्हॅकॅन्शिया म्हणतात, आणि त्यात कॉपीराइटही येतो. हक्कदार खूप शोधूनही सापडत नसेल तर इंटलेक्चुअल प्रॉपर्टी ऑफिसकडून ऑर्फन वर्क म्हणून लायसन्स घेता येतं, २०१४ पासून ही सोय आहे. त्यासाठी तुम्ही कुठे कुठे शोधलं याची नोंद लागते, म्हणून ईमेल जपून ठेवा.

कामगारांच्या फायली सापडल्या, पगार, आजारपण, शिस्तभंग, तर त्या ऑनलाइन टाकू नका. माणूस हयात असेल तर डेटा प्रोटेक्शनचा कायदा लागतो. अर्काइव्हवाले साधारण जन्मापासून शंभर वर्षं अशा फायली बंद ठेवतात, तेच करा.

कंपनी आत्ता बुडतेय अशी बातमी आली तर थांबू नका. कंपनी विसर्जित झाल्यावर एक वर्षाने लिक्विडेटर तिचे कागद नष्ट करू शकतो. अशा वेळी धावून जायला ब्रिटनमध्ये बिझनेस अर्काइव्हसाठी क्रायसिस मॅनेजमेंट टीम आहे, तिला कळवा. लिक्विडेटर काही खलनायक नसतो, त्याला जागा रिकामी करायची असते. "आम्ही व्हॅन घेऊन मंगळवारी येतो, खर्च आमचा" असं लेखी कळवलंत तर तो बहुतेक वेळा हो म्हणतो.

माणसांना विचारून घ्या

कागदावर नसलेलं सगळं माणसांकडे असतं. ड्रॉइंगवर एक माप आहे पण लाइनवर ते कधीच पाळलं गेलं नाही, हातोडीने बसवायचे, हे फक्त फिटरला माहीत. मुलाखतीला जाताना फोटो किंवा ड्रॉइंग घेऊन जा, नुसतं "तेव्हाचं सांगा ना" म्हटलं की माणूस गप्प होतो, हातात ड्रॉइंग दिलं की दोन तास थांबत नाही. रेकॉर्डिंग वेव फॉरमॅटमध्ये, फ्रिज आणि घड्याळाच्या आवाजापासून लांब. सुरुवातीला तारीख आणि नाव बोलून घ्या, शेवटी परवानगीच्या फॉर्मवर सही. आणि बायकांनाही विचारा, ट्रेसिंग ऑफिस आणि ट्रिम शॉपमध्ये (गाडीच्या सीट-अस्तराच्या खात्यात) बहुतेक त्याच असायच्या आणि त्यांच्याकडे फारसं कोणी गेलेलं नाही.

शेवटी द्यायचं कुठे

क्लबाच्या हवाली करणं सोपं वाटतं पण क्लब म्हणजे शेवटी चार उत्साही माणसं, ती थकली की कागद परत कोणाच्या तरी गॅरेजमध्ये. क्लबाने ट्रस्ट किंवा चॅरिटी नोंदवली असेल आणि घटनेत "संस्था बंद झाली तर संग्रह अमुक अर्काइव्हला जाईल" असं लिहिलं असेल तर ठीक. नाहीतर मूळ कागद काउंटी अर्काइव्हला किंवा म्युझियमला, आणि स्कॅन क्लबाला, ही वाटणी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. देताना भेट देताय की ठेव म्हणून ठेवताय हे लेखी करा, स्कॅन वापरायचा हक्क तुम्हाला राहील हे त्यातच घाला. यादी तयार असेल तर अर्काइव्ह पटकन हो म्हणतं, कारण त्यांच्याकडे न लावलेल्या खोक्यांचे डोंगर आधीच असतात. पैशासाठी नॅशनल लॉटरी हेरिटेज फंडाकडे अर्ज करता येतो, पण तिथे नुसतं जपणं पुरत नाही, लोकांना त्याचा काय उपयोग होणार ते दाखवावं लागतं, शाळा, प्रदर्शन, मुलाखती वगैरे.

भारतात बसून काय करता येईल

बरंच. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेची ॲम्बेसेडर झाली आणि ती २०१४ पर्यंत बनत राहिली, मद्रासला स्टँडर्ड हेरल्ड बनायची, आणि आपल्या मुंबईत रूट्सने १९४९ मध्ये ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया काढली, तीच एपीआय जिची पुढे भांडुपला लॅम्ब्रेटा बनायची. इथे ज्या गाड्या सुट्या भागांच्या पेट्यांतून आल्या आणि इथेच जोडल्या गेल्या, त्यांच्याबद्दल इंग्लंडच्या लेजरमध्ये तपशील बहुतेक त्रोटक असतात, रंग वगैरे तर नसतोच. म्हणजे इथल्या डीलरची विक्रीची वही, जुनं आरसी बुक, बीएमने सुरू होणाऱ्या नंबरची कागदपत्रं, सर्व्हिस मॅन्युअलच्या मार्जिनमध्ये मिस्त्रीने मराठीत लिहिलेल्या टिपा, हाच एकमेव पुरावा असू शकतो. लालबाग-परळच्या जुन्या गॅरेजवाल्यांकडे, पुण्या-कोल्हापूरच्या जुन्या डीलर घराण्यांकडे विचारून बघा.

आपल्याकडे शत्रू वेगळे. वाळवी, कसर आणि पावसाळा. डांबराच्या गोळ्या कागदात टाकू नका, खोकं भिंतीला न चिकटवता उंचावर ठेवा, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उघडून बघा, सिलिका जेल टाकलं असेल तर ते वेळेवर बदला. आणि मिळालेल्या प्रत्येक गाडीचा चॅसिस नंबर, इंजिन नंबर आणि प्लेटचा सरळ समोरून फोटो घेऊन त्या ब्रँडच्या क्लब रजिस्टरला पाठवा. प्लेटवर पॉलिश मारून, रंग लावून मग फोटो काढू नका, जशी आहे तशीच हवी. नंबर अर्धवट वाचता येत असेल तर ती अक्षरं अंदाजाने भरू नका, जागा मोकळी सोडून तसंच कळवा.